हरलो तर एक फूट

आमच्या युनिव्हर्सिटीची फुटबॉल टीम हरावी म्हणून त्या शनिवारी सकाळी मी देवापुढे हात जोडले. अख्ख्या गावात असं मागणं मागणारा मी एकटाच असणार. पण मला माझं गवत वाचवायचं होतं आणि दुसरा मार्ग दिसत नव्हता.

मी श्रीरंग. राहुरीला बीएस्सी ॲग्री केलं, इथे रॉकी पर्वतात येऊन गवतावर पीएचडी केली आणि गेली एकोणीस वर्षं इथल्या स्टेडियमचं मैदान सांभाळतोय. डेन्व्हरच्या गणपतीत कोणी विचारतं, "कुठल्या कंपनीत?" मी "गवतात" म्हटलं की समोरचा कसंनुसं हसतो आणि प्रसादाच्या रांगेत पुढे सरकतो. अमेरिकेच्याच दुसऱ्या टोकाला, हर्नडनला राहणारा माझा मेहुणा सत्यजित तर सगळ्या नातेवाइकांना सांगत सुटलाय, "आमचे दाजी अमेरिकेत गवत उपटतात." त्याच्या तोंडाला कोण लागणार?

हे गवत साधं नाही. आमच्या गावामागच्या खिंडीच्या अलीकडे, साडेनऊ हजार फुटांवर, चांदीच्या खाणीचं एक ओसाड गाव आहे. तिथल्या कबरस्तानात ते मला सापडलं. शंभर वर्षांत त्याला कोणी पाणी घातलं नव्हतं, तरी ऑक्टोबर सरताना ते हिरवंगार होतं. मी चार ढेकळं गाडीत घालून आणली आणि बारा वर्षं प्लॉटवर लावून, निवडून, पुन्हा लावून त्यातून एक वाण तयार केला. गेल्या वर्षी तो स्टेडियममध्ये लावला आणि त्याच वर्षी त्या प्लॉटवर युनिव्हर्सिटीनं पार्किंग केलं. तेव्हापासून ते गवत फक्त स्टेडियममध्ये उरलं.

आणि स्टेडियममध्ये कार्पेट यायचं होतं. हिरवं प्लास्टिक. खेळ विभागाचा डायरेक्टर डेल त्याच्या मागेच लागला होता. ऑगस्टमध्ये मी त्याच्याशी भांड भांड भांडलो तेव्हा त्यानं शब्द दिला, "श्री, शेवटच्या मॅचनंतर मी मैदानाचे फोटो काढीन आणि डिसेंबरच्या मीटिंगमध्ये बोर्डापुढे ठेवीन. मैदान धड असेल तर गवत राहील." कार्पेटला माझ्यासारखा माणूस लागत नाही, म्हणजे माझीही नोकरी जाणार होती. पण खरं सांगतो, मला स्वतःपेक्षा गवताची काळजी जास्त होती. मी कुठेतरी चिकटलो असतो. गवताला दुसरं घर नव्हतं. घरी बायको सुलेखा आणि मुलगी उर्वी, दोघींनाही यातलं काही बोललो नव्हतो. उगाच कशाला घोर लावायचा, असं वाटलं. तिथेच चुकलो.

शेवटची मॅच नेहमी खिंडीपलीकडच्या युनिव्हर्सिटीशी असते. मध्ये एक डोंगर आणि शंभर वर्षांचं वैर. जिंकणाऱ्याला खाणकामगाराचं एक जुनं फावडं मिळतं. पाहुणे जिंकले तर त्यांचा कॅप्टन ते फावडं मैदानाच्या बरोब्बर मध्यावर मारतो, फूटभर गवताचा चौकोन उचलतो आणि आपल्या गावी नेऊन लावतो. बारा वर्षं आम्ही सलग हरत होतो. त्यामुळे मॅच आमच्याकडे असली की मी गवताचा एक तुकडा आधीच कापून तयार ठेवायचो. पलीकडच्यांची बस निघायच्या आत मैदानाला ठिगळ लागलेलं असायचं. हरलो तर एक फूट, एवढाच हिशेब.

जिंकलो तर काय होतं, ते आता कोणाच्या लक्षात नव्हतं. माझ्या होतं. बारा वर्षांपूर्वी जिंकलो तेव्हा पोरं कठडे ओलांडून मैदानात घुसली होती आणि आठवण म्हणून मूठ मूठ गवत उपटून घेऊन गेली होती. तेव्हा गवत दुसरं होतं, मला काही वाटलं नव्हतं. आता मी डेलकडे जाऊन दोरखंड आणि वीस गार्ड मागितले. तो पोट धरून हसला. म्हणाला, "जिंकलो तर? श्री, जिंकलो तर पहिली मूठ मी उपटीन!"

उर्वी त्याच युनिव्हर्सिटीत दुसऱ्या वर्षाला आहे. शनिवारी सकाळी ती अर्धा चेहरा नारिंगी रंगवून टेबलाशी आली. "बाबा, आय हॅव अ फीलिंग. धिस इयर, फॉर शुअर!"

"हात कर पुढे," म्हणत सुलेखानं तिच्या तळहातावर दही-साखर ठेवली. "आणि तुम्हीही घ्या. तुमचीच टीम आहे ना?"

मीही घेतली. लेकीनं जिंकण्यासाठी खाल्ली, बापानं हरण्यासाठी. देवाला बिचाऱ्याला काय कळायचं?

गुरुवारी बर्फ पडला होता. जिथून नवी पाती फुटतात त्या गवताच्या गाभ्याला धक्का लागू नये म्हणून मी आणि माझा सहकारी हेक्टर, दोघांनी दोन दिवस खपून रबरी फळ्यांनी तो ओढून काढला होता. एक वाजता मॅच सुरू झाली. हा अमेरिकन फुटबॉल; सव्वाशे-दीडशे किलोचे गडी एकमेकांवर आदळत होते, बुटांचे खिळे रुतवून वळत होते, पण एक ढेकूळ उखडलं नाही. टीव्हीवाला स्वतःहून येऊन म्हणाला, "नोव्हेंबरात असं मैदान मी पाहिलं नाही." माझा ऊर भरून आला. चारपैकी तिसरा डाव संपला तेव्हा आम्ही सहा, ते एकवीस. मी निवांत झालो. ठिगळाचा तुकडा ढकलगाडीवर घालून ठेव, असं हेक्टरला सांगितलं.

मग काय संचारलं कोणास ठाऊक! आमचे तेरा झाले. मग वीस. शेवटचे चार सेकंद उरले तेव्हा आमचा किक मारणारा पोरगा मैदानात आला. लांबची किक होती, बसली तर तीन गुण. बारा वर्षांत असे तिघे किक मारताना घसरलेले मी पाहिले होते. पण ते जुन्या गवतावर. पोरगा धावत आला, त्यानं डावा पाय रोवला आणि तो पाय तसूभरही सरकला नाही. माझ्या गवतानं तो घट्ट धरून ठेवला. बॉल दोन खांबांच्या मधून गेला. तेवीस-एकवीस.

मग चारही बाजूंनी माणसं खाली उतरली. मी कडेला हात पसरून उभा राहिलो आणि "थांबा! अरे, थांबा!" असं चक्क मराठीत ओरडत राहिलो. लोकांना वाटलं, मी आनंदानं वेडा झालोय. त्यांनी मला मिठ्या मारल्या. एका म्हाताऱ्यानं माझ्या गालाचा मुका घेतला. त्यांच्या खांद्यांवरून मला दिसत होतं. माणसं गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी ओढत होती, किल्ल्यांनी खरवडत होती, टोप्यांत भरत होती. हेक्टरनं ठिगळाच्या गाडीवर अंग टाकलं, पण पोरांनी त्याच्या खालून तो तुकडाही नेला. मला रडू फुटलं आणि तेही सगळ्यांना आनंदाचंच वाटलं.

डेल आला. डोळ्यांत पाणी, मुठीत गवत. "श्री! बघितलंस? बघितलंस ना?" मग त्याची नजर मैदानावर फिरली आणि आवाज खाली आला. "सॉरी, श्री. पण हे बघ, कार्पेट कोणी उपटू शकत नाही." त्यानं फोन काढला आणि फोटो घेतले. शब्दाला जागला.

तासाभरानं गर्दी पांगली. मी मैदानात उभा होतो. खरूज झालेल्या कुत्र्यासारखं दिसत होतं ते. उर्वी लांबून पळत आली. चेहऱ्यावरचा नारिंगी रंग ओघळला होता आणि तिनं ओंजळीत काहीतरी धरलं होतं.

"बाबा! वी वन! बघ, मी तुझ्यासाठी आणलं. युवर ग्रास! निघतच नव्हतं, बाबा, आय स्वेअर! आम्ही तिघं ओढत होतो. हाऊ इज इट सो स्ट्राँग?"

मी ते हातात घेतलं. माती झटकली. खिशातला टेप काढून मुळांना लावला. सात इंच. नोव्हेंबरात, सात हजार फुटांवर, सात इंच मुळं. एकोणीस वर्षांत एवढी खोल मुळं मी पाहिली नव्हती. टोकं मात्र तुटली होती आणि गाभा मधोमध चिरला होता.

"घरी लावू या?" ती म्हणाली. "जगेल ना?"

"होतं तिथे जगलं असतं," मी म्हणालो. आणि मग कार्पेटचं, डेलच्या फोटोंचं, कबरस्तानाचं, सगळं तिला सांगून टाकलं. फार उशिरा सांगितलं.

तिचा चेहरा उतरला. तिनं माझ्या हातातून तो तुकडा घेतला, "मी परत लावते, बाबा, आत्ता लावते," म्हणत वळली आणि गोलपोस्टपाशी जाऊन गुडघ्यावर बसली. एका खड्ड्यात बसवून पाहिला, मग शेजारच्या, मग त्याच्या पलीकडच्या. सगळे खड्डे सारखेच होते. आपण तो कुठून काढला, ते तिला काही केल्या सापडेना.