व्हर्नाने स्वतःच्या जेवणासाठी पाडलेलं हरीण

या, जरा पुढे सरकून बसा. देवाच्या घराच्या तळघरात आर्लिस कशी संतापली आणि त्या संतापाने तिने मैत्रिणीचा शब्द कसा राखला, ते सांगते.

मिनेसोटातल्या आमच्या चर्चमध्ये त्या दिवशी व्हर्ना स्कोगनची अंत्यप्रार्थना होती. गावात कुणीही जावो, दफनानंतरचं जेवण व्हर्नाच्या हातचं, अशी चाळीस वर्षं गेली. आपलं दुखणं बरं होणारं नाही हे कळल्यावर नोव्हेंबरात, एकाहत्तराव्या वर्षी, ती बंदूक घेऊन रानात गेली आणि तिने एक हरीण पाडलं. मांसाचे तुकडे करून पांढऱ्या कागदात बांधले, गोठवले. वर आपल्या अक्षरात लिहिलं, ‘माझ्या जेवणाला. दोन दिवस आधी बाहेर काढणे.’

आर्लिसला म्हणाली होती, "माझ्या वेळेला पावात बाजारचं हॅम घालून वाढलंत तर मी उठून बसेन हं."

आर्लिसने पुडकं वेळेवर फ्रीझरमधून फ्रिजमध्ये ठेवलं. जेवणाची सूत्रं आता मर्जीनकडे होती. तिने ते पाहिलं आणि परत फ्रीझरमध्ये टाकलं. तिने विजेचा नवा प्रेशर कुकर आणला होता ना! त्यात म्हणे काही वितळवावंच लागत नाही.

वर तिसरं भजन सुरू झालं, व्हर्नाच्या आवडीचं. बोललेली प्रार्थना देवापर्यंत चालत जाते, गायलेली उडत जाते, असं मला आपलं वाटतं. आर्लिसने गायला तोंड उघडलं आणि जमिनीतल्या गरम हवेच्या जाळीतून करपल्याचा वास आला. तिने भजनाचं पुस्तक मिटलं आणि जिना उतरली.

खाली कुकरच्या पडद्यावर ‘जळतंय’ अशी अक्षरं लुकलुकत होती. मर्जीन एकामागून एक बटणं दाबत होती. मदतीला आलेली लव्हॉन हात पुसत बाजूला उभी होती.

"काय काय घातलंस?" आर्लिसने विचारलं.

"मांस, गोठवलेल्या भाज्यांची पिशवी, आणि मश्रूम सूपचे दोन डबे. सगळं एकदमच. सोपं असतं गं."

"आणि पाणी?"

"सूप आहे की."

आर्लिसने लांब चमच्याने झडप सरकवून वाफ सोडली, झाकण काढलं. तळाला सूपचा काळा थर. गाजर-मटारची खळ झालेली. मधोमध पाच पौंडांचा गोळा, बाहेरून राखाडी, आतून दगड.

लव्हॉनने वाकून पाहिलं. "वेगळंच झालंय हं," ती म्हणाली.

आमच्याकडे याहून मोठी शिवी नाही. भाचीचा नवरा आवडला नाही, तरी आम्ही ‘वेगळाच आहे’ म्हणतो आणि कॉफी ओततो. मर्जीननेही मान डोलावली. "हो, थोडं वेगळं झालंय खरं."

"वेगळं नाही," आर्लिस म्हणाली. "वाईट झालंय. तू नासवलंस. कागदावर तिचं अक्षर होतं, मर्जीन. तुला वाचता येतं."

त्या तळघरात असं कुणी कधी बोललं नव्हतं. लव्हॉन नळाकडे वळली आणि धुतलेलीच पातेली पुन्हा धुऊ लागली.

"मी मदतच करत होते," मर्जीन म्हणाली.

"मग दुसरं भांडं आण. बोलू नकोस."

वर शवपेटी उचलल्याचे आवाज आले. गाड्या सुरू झाल्या. दफनभूमीवर जाऊन यायला तास लागणार होता. मर्जीन म्हणाली, "तू जा, मी बघते." आर्लिसने बाह्या सरसावल्या. मैत्रिणीवर मूठभर माती टाकायची राहिली. त्याचा राग तिने सुरीत घातला. सुटतील तेवढे तुकडे हाताने सोडवले, बर्फाळ गाभा चिरला. वरचा चांगला रस गाळून घेतला, त्यात दोन पेले पाणी ओतलं आणि कुकरच्या स्वच्छ भांड्यात मांस तेवढंच शिजायला लावलं, तीस मिनिटं. भाज्यांची दुसरी पिशवी अगदी शेवटी, झाकण उघडल्यावर. मटार हिरवेगार राहिले.

मंडळी परतली, जेवली, पुन्हा घ्यायला उठली. पास्टर वाडगा पुढे करत म्हणाले, "मर्जीन, तुझ्या कुकरने कमाल केली."

मर्जीनने आर्लिसकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. "थँक यू," ती म्हणाली.

आर्लिसने हातातला वाढायचा डाव खाली ठेवला. तिचा आवाज चढला नाही, पण शेवटच्या टेबलापर्यंत पोचला. "हे मर्जीनचं नाही, माझंही नाही. हे हरीण व्हर्नाने पाडलंय, तुमच्यासाठी, उभं राहवत नव्हतं तेव्हा. तिच्या नावाने खा."

चमचे थांबले. पास्टरांनी वाडगा खाली ठेवून हात जोडले. आर्लिसने जोडले नाहीत. तिचा राग अजून उतरला नव्हता, आणि देवाला तो चालत असावा असं मला वाटतं.

तुम्हीही घरी जाल, फ्रीझर उघडाल, गारठलेला गोळा हातात घ्याल. तेव्हा क्षणभर थांबा, आणि व्हर्ना स्कोगनची आठवण काढा.