चौदाव्या ग्रीनची तहान

शनिवारी पहाटे पाच वाजून चाळीस मिनिटांनी चौदाव्या ग्रीनवर एवढ्या गोष्टी होत्या: चेंडू जायचं भोक एक, त्यात उभा झेंडा एक, कडेला वेटोळं घातलेला रबरी पाइप एक, माणसं दोन आणि डाग तेवीस. सर्वांत मोठा डाग जेवणाच्या ताटाएवढा होता, सर्वांत लहान शर्टाच्या बटणाएवढा. रंग तपकिरी नव्हता, अजून नव्हता. निळसर राखाडी होता, जवळजवळ राखेसारखा. भाचीनं डाग दोनदा मोजले. दुसऱ्या खेपेला एखादा तरी कमी भरेल अशी तिला आशा होती. भरला नाही.

"तेवीस," ती म्हणाली.

"काल किती होते?" मामांनी विचारलं.

"चार."

"म्हणजे रात्रीत पोरं झाली त्यांना," मामा म्हणाले आणि चपला काढून ग्रीनच्या कडेला ठेवल्या.

गोल्फच्या मैदानात चेंडू ज्या भोकात घालायचा त्याच्याभोवती गालिच्यासारखं बारीक गवत राखलेलं असतं. ती ग्रीन. अशा अठरा ग्रीन मामांनी अठ्ठावीस वर्षं सांभाळल्या होत्या. भाची मातीचं शास्त्र शिकून दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हाताखाली लागली. ती एकटी त्यांना मामा म्हणे, मग कापणी यंत्रवाले म्हणू लागले, मग ऑफिसातले. सख्खी भाची एकच, पण मामा सगळ्यांचे. त्याची परतफेड म्हणून मंडळींनी तिचं नाव 'मोजणीबाई' ठेवलं होतं, कारण ती चहात साखरसुद्धा मोजून घाली.

आणि या आठवड्यात व्यावसायिक गोल्फची वर्षातली सर्वांत मोठी अजिंक्यपद स्पर्धा त्यांच्या मैदानावर चालू होती. गुरुवारी पारा एकेचाळीसवर होता, शुक्रवारी त्रेचाळीसवर. एका खेळाडूनं गळ्यात बर्फाची पिशवी बांधली होती, दुसरा प्रत्येक फटक्यानंतर डोकं बादलीत बुडवत होता. प्रेक्षक सावली सरकेल तसे सरकत होते. माणसं आपापली सोय बघत होती. ग्रीनला पाय नव्हते.

मामा अनवाणी ग्रीनच्या मध्यापर्यंत गेले, परत आले आणि मागे वळून पाहिलं. त्यांच्या पावलांचे ठसे उमटले होते ते तसेच होते. धडधाकट गवत पाऊल उचलताच उठून उभं राहतं. हे निजलेलंच राहिलं.

"तहानलंय," मामा म्हणाले.

भाचीनं यंत्र रोवलं. दांडी, तिच्या तळाशी दोन लांब सुया आणि वर आकडा दाखवणारी खिडकी. "एकोणीस टक्के ओल आहे. पोट भरलंय त्याचं. आणखी पाणी दिलं तर जमीन मऊ पडेल आणि चेंडू चालणार नाही."

"मंगळवारपासून तू हेच सांगत्येस."

"मंगळवारपासून आकडा तोच आहे."

"आणि मंगळवारपासून मी गप्प आहे. यंत्र म्हणतं तर यंत्र म्हणतं." मामांनी चपला घातल्या. "पण माझे पाय काही खोटं बोलत नाहीत, बाई."

"तुमच्या पायांवर आकडा येत नाही, मामा."

"येतो. आठ नंबर," मामा म्हणाले. "चपलेवर."

सात वाजता स्पर्धेचे नियमसाहेब आले. उंच, किरकोळ माणूस. घाम येणंसुद्धा नियमात बसतं का हे तपासून मगच घाम येऊ देणारा. डागांभोवती ते एक फेरी मारून आले.

"आजचा खेळ इथेच होईल," ते म्हणाले. "संध्याकाळी सहाला मी मोजणार. पन्हळीतून सोडलेला चेंडू सरासरी दहा फूट घरंगळत गेला पाहिजे. कमी गेला, किंवा गवत मेलेलं दिसलं, तर उद्या शेवटच्या दिवशी ही ग्रीन बंद. खालच्या मैदानात भोक पाडू आणि तात्पुरती ग्रीन करू."

"अजिंक्यपदाच्या शेवटच्या दिवशी तात्पुरती ग्रीन?" मामांचा आवाज खाली गेला. "साहेब, साऱ्या जगासमोर?"

"पाणी मारून हिरवी दाखवाल तर चेंडू अडेल. कोरडी ठेवून वेगवान कराल तर मरेल. मला मामा बनवू नका, एवढंच."

"छे हो," मामा म्हणाले. "ती जागा भरलेली आहे."

साहेब गेल्यावर मात्र ते हसले नाहीत. पुढच्या वर्षी ते निवृत्त होणार होते. अठ्ठावीस वर्षांत एकदाही त्यांची ग्रीन बंद पडली नव्हती आणि आता पडली असती तर ती भाचीच्या आकड्यावर विसंबून. हे ते बोलले नाहीत. भाचीला ऐकू आलं.

आपलं बरोबर आहे हे एकदाचं सिद्ध करावं म्हणून तिनं पोकळ नळी आणली. ती जमिनीत दाबायची, फिरवायची आणि वर काढायची, की पेन्सिलीएवढा मातीचा दंडगोल हातात येतो. तिनं मोठ्या डागाच्या मधोमध नळी दाबली, दंडगोल रुमालावर ठेवला आणि पट्टी लावली.

खालचे आठ सेंटिमीटर काळसर, ओलसर, बोटाला चिकटणारे. वरचे चार सेंटिमीटर पिठूळ. फुंकर मारली तर उडाले. मुळं पांढरी, केसासारखी, वरच्या चारातच होती. शेवटचं मूळ तीन सेंटिमीटर आठ मिलिमीटरवर संपत होतं.

तिनं पट्टी उचलली. मग यंत्राच्या सुया मोजल्या. बारा सेंटिमीटर.

वसंतात जेव्हा तिनं यंत्र लावलं तेव्हा मुळंही बारा सेंटिमीटर होती. उन्हाळ्यात हे गवत मुळं आखडून घेतं. पुस्तकात तिनं ते वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं, पाचपैकी पाच गुण मिळवून. सुया मात्र बदलल्या नव्हत्या. यंत्र चार दिवस इमानदारीनं खालच्या चिखलाची ओल सांगत होतं आणि गवत वर तडफडत होतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं म्हणतात. इथे आडात भरपूर होतं. पोहऱ्याचा दोरच तोकडा पडला होता.

आखूड सुया यंत्राच्या खोक्यात होत्या. प्लास्टिकची पिशवी तिनं कधी फोडलीच नव्हती.

"मामा," ती म्हणाली, "चूक माझी आहे." आणि दंडगोल पुढे धरून सगळं न थांबता सांगितलं, मधे कुठे थांबली असती तर पुढचं बोलवलं नसतं.

मामांनी माती चिमटीत घेतली, चुरली, सुया डोळ्यांजवळ नेऊन पाहिल्या. मग जे हसत सुटले ते पोट धरूनच.

"हसताय काय? मी चार दिवस मारलं त्याला."

"अगं, म्हणजे माझ्या तळपायाची सुई आखूड! अठ्ठावीस वर्षं लोक म्हणतात हा म्हातारा अनवाणी हिंडतो, वेडा आहे. आणि आज शास्त्र म्हणतंय, सुई बरोबर मापाची होती." त्यांनी डोळे पुसले. "चूक झाली ना? झाली. आता बोल, किती आणि कुठे? पाय तहान सांगतात. लिटर सांगत नाहीत."

आखूड सुयांनी आकडा आला सहा टक्के.

पाणी नुसतं ओतून चाललं नसतं. इतकी कोरडी माती पाणी पीत नाही, पावडरीवर पडल्यासारखं ते घरंगळून जातं. आधी बारीक भोकं हवी होती. पण त्या कामाचं यंत्र फिरवलं असतं तर ग्रीनची चाळण झाली असती. भाची धावत कपडे धुण्याच्या खोलीत गेली. तिथे मामी खेळाडूंसाठी ओले टॉवेल बर्फात घालत होत्या आणि मधल्या वेळात स्वेटर विणत होत्या. त्रेचाळीस अंशांत स्वेटर कशाला, असं कुणी विचारलं तर त्या म्हणत, थंडीत बोटं वळत नाहीत, मग विणायचं कधी?

"मामी, सुया द्या. दोन्ही."

"टाके उतरतील!"

"ग्रीन मरत्येय."

मामींनी टाके दोऱ्यावर ओवले आणि सुया दिल्या. "वाकवून आणल्यात तर सांगून ठेवते, दोघांच्याही स्वेटरला एकच बाही."

तेवीस डाग. एका डागात चाळीस ते दोनशे भोकं, चार सेंटिमीटर खोल, त्याहून जास्त नाही. मामा एका टोकानं सुरू झाले, भाची दुसऱ्या. गुडघे भाजत होते. भोकं झाली की झारीनं पाणी, पुन्हा थांबून पाणी. साडेदहाला मोठ्या डागाचा आकडा तेरावर आला होता. खेळाडूंची पहिली जोडी अकरा वीसला ग्रीनवर येणार होती.

"हे दुपारपर्यंत टिकायचं नाही," मामा म्हणाले. "पानं तापतील. दर जोडीनंतर फवारा द्यावा लागेल, नुसती पानं गार करायला."

नियमसाहेबांना वायरलेसवर विचारलं. ते म्हणाले, "प्रत्येक जोडीआधी सारखाच. एकाला ओली, एकाला सुकी, असं चालणार नाही."

भाचीनं पाइपखाली बादली धरून मोजलं. मिनिटाला बावीस लिटर. ग्रीन चारशे ऐंशी चौरस मीटर. जोड्या तेहतीस. पाटीवर गणित मांडून ती म्हणाली, "दर खेपेला चाळीस सेकंद. दिवसभरात सगळं मिळून एक मिलिमीटर. त्याहून जास्त दिलं तर दहा फूट विसरा."

"चाळीस सेकंद म्हणजे किती?"

"मी थांबा म्हणेन तेवढे."

पहिल्या खेपेला मामांनी एकोणपन्नास सेकंद पाणी मारलं. तिनं शेवटी पाइपच पिरगळला. दुसऱ्या खेपेला ते एकतीसवर थांबले, रुसून. तिसऱ्या खेपेपासून ती मोठ्यानं मोजू लागली, आणि दोरीपलीकडच्या प्रेक्षकांना उन्हात दुसरा काही उद्योग नव्हताच. सातव्या जोडीपर्यंत चाळीस-पन्नास जण तिच्याबरोबर मोजत होते. दुपारी दोनपर्यंत, मोजणी ऐकून लांबच्या ग्रीनवरून लोक बघायला आले.

"सदतीस! अडतीस! एकोणचाळीस! थांबा!"

पाणी थांबलं की टाळ्या पडत. एवढ्या टाळ्या त्या दिवशी एकाही फटक्याला पडल्या नाहीत.

"मामा, थोडं इकडे पण!" टोपीत वर्तमानपत्र खोचलेला एकजण ओरडला.

"तुम्हाला पाय आहेत, साहेब! सावलीत जा!"

तेवढ्यात गेल्या वर्षीचा अजिंक्य खेळाडू ग्रीनवर आला. चेहरा टोमॅटोसारखा, शर्ट अंगाला चिकटलेला. खेळून झाल्यावर त्यानं मामांपुढे मान वाकवली आणि पाइपकडे बोट दाखवलं. लोक श्वास रोखून बघू लागले. मामांनी भाचीकडे पाहिलं.

"हिशेबात नाहीये," ती म्हणाली.

"ऐकलंत?" मामा त्याला म्हणाले. "वरून परवानगी नाही." पण त्यांनी खांद्यावरचा मामींचा ओला टॉवेल काढून त्याच्या मानेवर टाकला. तो खेळाडू 'हाय' म्हणाला की 'आहा' म्हणाला हे सांगता येणार नाही, पण आवाज दोरीपर्यंत आला.

पारा तीन वाजता चव्वेचाळीसवर गेला. आकडा मोठ्या डागात बारा, अकरा, पुन्हा बारा. डागांची राखाडी झाक चढली नाही, उतरलीही नाही. शेवटची जोडी पाच पंचवीसला ग्रीनवरून उतरली. तेहतीस फवारे झाले होते. लोक पांगले. आता कुणासाठी पाणी मारायची सक्ती नव्हती आणि मोजणीला पस्तीस मिनिटं होती. तेवढ्या वेळात पृष्ठभाग सुकेल, चेंडू जोरात जाईल, दहा फूट सहज भरतील. भाचीनं पाटी खाली ठेवली.

मामा चपला काढून ग्रीनवर गेले आणि परत आले. दोघांनी ठशांकडे पाहिलं. ठसे उठत होते, पण सावकाश. सकाळच्या चहाला उठणाऱ्या आळशी माणसासारखे. कलतं ऊन अजून थेट मोठ्या डागावर येत होतं आणि त्याच्या कडेला निळसर झाक नव्यानं दिसू लागली होती.

"काय म्हणतात पाय?" तिनं विचारलं.

"पाय म्हणतात, अजून एकदा हवंय. सूर्य मावळेपर्यंत तग नाही धरायचं." मामांनी पाइप उचलला, पण तोटी उघडली नाही. "आता मारलं तर मोजणीला ओल राहील. न मारलं तर दहा फूट भरतील आणि उद्या सकाळी गवत नसेल. तू सांग. घड्याळ तुझ्याकडे आहे."

भाचीनं यंत्र रोवलं. दहा टक्के. या आकड्यावर काय करायचं हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. तिनं यंत्र आडवं ठेवलं, बूट काढले, मोजे काढले आणि मोठ्या डागावर जाऊन उभी राहिली. तळव्याला चटका बसला. गवत बोटांखाली ठिसूळ लागलं, आदल्या दिवशीच्या पोळीसारखं.

"मारा," ती म्हणाली.

"किती?"

"चाळीस. पूर्ण."

या खेपेला मोजायला ती एकटीच होती. मामा बरोबर चाळीसला थांबले, तिनं सांगायच्या आधी.

सहाला नियमसाहेब आले. त्यांच्या हातात अॅल्युमिनियमची तीन फुटी पन्हळ होती. चेंडू तिच्या खाचेत ठेवायचा, एक टोक सावकाश उचलायचं, की ठरावीक उंचीवर चेंडू आपणहून सुटतो आणि घरंगळत जातो. ते आधी वाकून डागांकडे बघत राहिले. मोठ्या डागावरून त्यांनी तळहात फिरवला आणि हात उलटा करून पाहिला. हात ओला झाला होता.

"पाणी मारलंय. आता."

"पाच अठ्ठावीसला. चाळीस सेकंद," भाची म्हणाली. "चौदा लिटर, सहाशे सदुसष्ट मिलिलिटर."

"मोजणीच्या अर्धा तास आधी? मुद्दाम?"

"मुद्दाम."

साहेब मामांकडे वळले. मामांनी भाचीकडे अंगठा केला. "माझ्याकडे नका बघू. आकडे तिच्या खात्यात."

"गवत जिवंत आहे," साहेब म्हणाले. "ते मी लिहितो. बाकी चेंडू सांगेल."

तीन चेंडू एका दिशेला सोडायचे आणि मग तीन उलट दिशेला. भाचीनं फीत धरली. मामा दोन्ही हात पाठीशी बांधून, अनवाणीच, कडेला उभे राहिले. पहिले तीन: दहा फूट पाच इंच, दहा फूट तीन, दहा फूट सहा. मग साहेब दुसऱ्या टोकाला गेले. ती दिशा किंचित चढाची होती आणि मोठा डाग वाटेत होता.

चौथा चेंडू डागावरून गेला आणि दहा फुटांवर थांबला. पाचवा नऊ फूट नऊवर. मामांनी डोळे मिटले. सहावा डागाच्या कडेला जरा रेंगाळला, पुढे सरकला आणि दहा फूट एक इंचावर थांबला.

साहेबांनी सहाही आकडे वहीत एकाखाली एक लिहिले आणि वही भाचीकडे दिली. तिनं इंचांची बेरीज केली, सातशे बत्तीस. सहानं भागून पुन्हा एकदा तपासून घेतलं.

सरासरी दहा फूट दोन इंच.