दिव्यावरचं झाकण

मी एक जुनं झाकण आहे. मित्रांनो, हसू नका. फाटक्या पुस्तकांनी, मोडक्या छत्र्यांनी आणि म्हाताऱ्या घोड्यांनी आपापली आयुष्यं तुम्हाला सांगितली, तेव्हा तुम्ही डोळे पुसत ऐकलीत. झाकणांना मात्र कोणी विचारत नाही. झाकण उचलतात ते आत काय आहे हे बघायला. मला बघायला म्हणून आजवर मला कोणी उचललेलं नाही.

माझा जन्म एका पत्रेवाल्याच्या दुकानात झाला. स्टीलचा एक मोठा पत्रा होता. त्यातून आधी एका हॉटेलाचं बेसिन निघालं, आणि उरलेल्या तुकड्यातून मी. म्हणजे ते बेसिन माझं सख्खं भावंड. ते चांगल्या ठिकाणी पडलं, रोज दोनशे माणसं त्याच्यासमोर मान झुकवतात असं ऐकलं. पत्रेवाल्यानं माझ्या दोन्ही कडा दुमडल्या, पाठीवर कपाटाच्या खणाची एक जुनी पितळी मूठ बसवली आणि मला उन्हात धरून पाहिलं. उजेडाचा एक ठिपकाही आरपार येत नव्हता. "जमलं," तो म्हणाला. माझ्या आयुष्यातलं हे पहिलं कौतुक. त्यात पुढे फारशी भर पडली नाही.

तिथून मला एका संशोधन केंद्राच्या तळमजल्यावर आणलं. तिथल्या टाक्यांमध्ये कालवं ठेवलेली होती. कालव म्हणजे दोन झाकणं आणि मधे थोडासा जीव. त्यामुळे मला माहेरी आल्यासारखं वाटलं. त्यांच्या घरच्या गोष्टी मात्र जरा वेगळ्या होत्या. बरीचशी कालवं लहानपणी नर असतात आणि मोठेपणी मादी होतात. म्हणजे आधी बाबा, मग आई. घरात कोणाला काय हाक मारायची, हा प्रश्न त्यांनी तोंड मिटून सोडवला आहे. त्यांची पिल्लं इतकी बारीक, की टाचणीच्या डोक्यावर त्यांची शाळा भरावी. जन्मल्यावर दिवसभरात ती अंगावर शिंपला बांधायला घेतात. पोटाचा पत्ता नाही, पण आधी घर.

ही पिल्लं जरा घाण पाणी लागलं की मरतात. म्हणून समुद्राचं पाणी टाकीत जाण्याआधी एका लांबट पेटीतून जाई. पेटीत नळीसारखा निळा दिवा होता. त्याच्या उजेडात पाण्यातले जंतू मरत. दिसायला तो उजेड अगदी थंड, सज्जन. पण उन्हाचा जो भाग कातडी भाजून काढतो, हा त्याच घराण्यातला, आणि स्वभावानं अधिक तिखट. त्या दिव्यावर मी बसायचे. जंतूंना मारणं हे त्याचं काम, बाकी सगळ्यांना त्याच्यापासून वाचवणं हे माझं. आमचं कधी पटलं नाही, पण आम्ही एका घरात नांदलो.

तिथे दोघी बहिणी कामाला होत्या, त्यातली धाकटी टाक्यांचं सगळं काम पाहायची. कालवांना पिल्लं कधी होतात, त्यांचा शिंपला कसा जमतो, कशानं ठिसूळ होतो, हा तिचा अभ्यास. तिची सख्खी थोरली बहीण त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर काम करायची. धाकटीला ल्युपस नावाचा आजार होता. आपल्या शरीरात रोगांशी लढणारी एक फौज असते. या आजारात ती फौज घरच्यांवरच उलटते. सांधे, कातडी, मूत्रपिंडं, जे समोर येईल त्याला शत्रू समजून झोडपते. अंगावर ऊन पडलं, की मग तर ती पिसाळतेच. धाकटीच्या गालांवर पहिल्यांदा लाल चट्टे उठले, त्याच वर्षी थोरलीनं हातातलं दुसरं संशोधन सोडून हा आजार अभ्यासाला घेतला.

धाकटीला तळमजल्यावर नोकरी लागली तेव्हा थोरली फार खूश झाली.

"एक खिडकी नाही इथे," ती चहूकडे बघत म्हणाली. "ऊन शिरायची सोयच नाही. तुझ्यासाठी याच्याहून सुरक्षित जागा शोधून मिळायची नाही."

"आणि बरोबरचे लोक तोंड उघडत नाहीत," धाकटी टाक्यांकडे बोट दाखवून म्हणाली. "असं ऑफिस कोणाला मिळतं?"

लहानपणी ती काडीसारखी होती, म्हणून थोरली तिला मुद्दाम 'ढमे' म्हणायची. पुढे औषधांनी तिचा चेहरा सुजून गोल झाला, तेव्हा थोरलीनं ती हाक बंद केली. धाकटीच्या ते लगेच ध्यानात आलं.

"ताई, ढमे म्हण की," ती म्हणाली. "इतकी वर्षं फुकट म्हणालीस. आत्ता कुठे नावाला शोभायला लागलेय."

थोरली हसली, पण मान वळवून.

आता ज्याच्यावरून सगळं घडलं ते सांगते. त्या इमारतीत एक रीत होती. वस्तू लागली की दुसऱ्याच्या खोलीत जायचं, "नेते गं" म्हणायचं आणि उचलून न्यायची. परत करायची रीत मात्र कोणी पाडली नव्हती. तिथली एक खुर्ची सहा खोल्या फिरून पुन्हा पहिल्या खोलीत आली होती, तेव्हा तिचं पाहुणी म्हणून स्वागत झालं.

वरच्या मजल्यावर थोरलीकडेही तसाच एक निळा दिवा होता. कातडीच्या पेशी बशीत घेऊन ती त्यांच्यावर तो उजेड पाडायची, आणि मग आजारी माणसांच्या रक्तातली फौज त्या पेशींशी कशी वागते हे पाहायची. एके दिवशी तिच्या दिव्याचं झाकण पडून वाकडं झालं. खोलीत इतर माणसं काम करत, त्यांच्या अंगावर उजेड जाऊन चालणार नव्हता. दोन्ही दिव्यांचं माप एकच. थोरली खाली आली.

"तुझा दिवा सध्या बंद आहे ना गं?"

"बंदच आहे. कालवांनी संन्यास घेतलाय. हंगाम आला की उतरेल."

"मग हे झाकण नेते. तोवर माझं नवीन येईल."

"ने की. त्याला पण जरा वरचा मजला दिसू दे."

अशी माझी बदली झाली. बरोबर सामान नाही, निरोप समारंभ नाही. टाक्या धुणारे मामा तेवढं म्हणाले, "चालला का साहेब?" ते सगळ्याच वस्तूंना साहेब म्हणत. फक्त साहेबांना म्हणत नसत.

वरचे दिवस माझे वैभवाचे होते. मला रोज पुसत. थोरली मला उचलायची आणि ठेवायची ती अशी, की जणू मी बाळाच्या अंगावरची दुलई आहे. नवीन झाकण आलं, ते बोटभर आखूड निघालं, आणि त्याचा चहाचा ट्रे झाला. त्यानंतर कोणी नव्याचं नाव काढलं नाही. दर महिन्याला धाकटी वर यायची, बाही वर करून हात पुढे करायची, आणि थोरली संशोधनासाठी तिचं थोडं रक्त काढून घ्यायची.

"लहानपणी माझं चॉकलेट घ्यायचीस," धाकटी म्हणायची. "आता रक्त. भूक वाढलीय तुझी."

मग खाली हंगाम आला. कालवांना पिल्लं होणार, म्हणजे पाणी शुद्ध हवं, म्हणजे दिवा लागणार. त्या दिवशी धाकटी वर आली आणि दारात उभी राहिली. थोरली सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली होती. तिनं पावलं ओळखली, पण डोळा काढला नाही.

"ढमे, अगं काय सापडतंय मला!" ती म्हणाली. "पेशी उजेडानं मरतात, आणि त्यांचा जो कचरा होतो ना, त्याच्यावर फौज तुटून पडते. कुठे अडवायचं ते दिसायला लागलंय बघ. अजून थोडे दिवस हे असंच चाललं पाहिजे. मधे थांबलं तर सगळं पहिल्यापासून."

धाकटी आत आली. तिनं माझ्या मुठीवर हात ठेवला.

"ताई, खाली दिवा लावायचाय. हे झाकण..."

"हं," थोरली म्हणाली.

सूक्ष्मदर्शकातलं काहीतरी हललं असावं, कारण ती आणखी वाकली. दोन दिवे होते आणि मी एकटी. त्यातला एक दिवा तिच्याचसाठी जळत होता. तिची बोटं मुठीवरून निघाली.

"राहू दे," ती हळूच म्हणाली. "मी टॉवेल टाकते."

थोरलीनं ते ऐकलं नाही. मी ऐकलं.

खाली काय चाललं होतं ते मला पुढे तुकड्यातुकड्यांनी समजलं. पेटीवर टॉवेल टाकला जाई, पाण्याच्या शिंतोड्यांनी ओला होई आणि जड होऊन सरकत खाली येई. धाकटीनं डोळ्यांवर चष्मा लावला, हात बाह्यांनी झाकले. गाल आणि मान उघडीच राहिली. पिल्लं जगतायत का हे बघायला ती तासन्‌तास त्या पेटीशेजारी बसायची. ऊन बाहेर असतं आणि आपण आत आहोत, हे इतक्या वर्षांत तिच्या अंगवळणी पडलं होतं.

पुढच्या खेपेला ती वर आली तेव्हा गालांवर चट्टे होते. थोरली घाबरली.

"उन्हात गेली होतीस?"

"छे गं. दिवसभर खोलीतच असते."

"खरं सांग."

"मामांना विचार. ते तर म्हणतात मला बुरशी येईल."

मग औषध वाढवलं. मग पाय सुजले. थोरली तिचं रक्त पुन्हा पुन्हा तपासायची आणि स्वतःशीच म्हणायची, "हे कशानं? ऊन नाही, काही नाही, मग कशानं?" ती मला रोज उचलत होती आणि ठेवत होती. मी तिच्या हातात होते, मित्रांनो. उत्तर तिच्या हातात होतं आणि त्याला पितळी मूठसुद्धा होती.

मूत्रपिंडांवर हल्ला झाला तेव्हा धाकटीला दवाखान्यात न्यावं लागलं. तिथून तिचा फोन आला. थोरली म्हणत होती, "हो गं बाई, सोडते तुझ्या पिल्लांना पाणी. काय करायचं? बरं, दिव्याचं बटण दाबायचं. मग नळ. दाबते. तू झोप."

ती खाली गेली ते मला दिसलं नाही. परत आली ते दिसलं. तिच्या दिव्याखाली पेशींच्या बशा मांडलेल्या होत्या, थांबवायचा नाही म्हणून जपलेला तो प्रयोग चालू होता. तिनं बटण दाबून तो बंद केला. मला उचललं आणि छातीशी धरून जिना उतरली. खाली पेटी उघडी होती, निळा उजेड भिंतीवर छतापर्यंत गेला होता, आणि धाकटीची खुर्ची त्या उजेडात होती. टॉवेल जमिनीवर पडला होता. थोरलीनं मला पेटीवर ठेवलं. मी बरोबर बसले. जराही फट राहिली नाही. मला वाटतं, तिला तेच सहन झालं नाही.

धाकटी त्यानंतर एकदाच तळमजल्यावर आली. कालवांचा हंगाम संपत आला होता आणि तिला तो बघायचा होता. मामांनी खुर्ची पुसून दिली. कालवं बीज सोडत होती, त्यानं टाकीतलं पाणी दुधासारखं होत होतं.

"ढमे," थोरली म्हणाली, "हे झाकण मी नेलं होतं."

"माहितीये. गावभर झालंय, चोर घरातलाच."

"चेष्टा नको ना. तू परत का नाही मागितलंस?"

धाकटी टाकीकडे बघत होती.

"विसरले गं," ती म्हणाली.

"विसरलीस?"

"कालवांत राहून डोकं कालवासारखं होतं. येतं लक्षात, पण तोंड उघडेपर्यंत हंगाम जातो."

"त्या दिव्यामुळेच झालं का गं हे?"

"डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हणाले, सांगता यायचं नाही. हा आजार असाही उफाळतो, तसाही."

"मग? एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, हे तूच शिकवतेस ना सगळ्यांना?"

"शिकवते."

"मग शीक की जरा. आणि तो प्रयोग बंद केलास म्हणे. तो चालू कर आधी. मी काय रोज रोज रक्त द्यायला बसलेय?"

थोरली तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. धाकटीनं तिच्या केसांतून हात फिरवला आणि दुसऱ्या हातानं मामांना खूण केली, की पाणी बंद करा, टाकी भरली.

मित्रांनो, ती विसरली नव्हती. मी तिथे होते. त्या क्षणी मला बोलता आलं असतं, तर मी बोलले असते का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पण झाकणाला फक्त बंद करता येतं.

पुढच्या हंगामाला ती नव्हती.

आता मी खालीच असते. माझी एक कड गंजली आहे, मूठ सैल झाली आहे. मामा कधीकधी माझ्यावर चहाचा कप ठेवतात, त्याचे गोल डाग पडलेत. थोरलीनं प्रयोग पुन्हा पहिल्यापासून सुरू केला आहे. दुपारी ती डबा घेऊन इथे येते, पेटीशेजारी बसते, जेवताना मला कुठे फट आहे का हे बोटानं चाचपते. मी तेव्हा खाली असते तर धाकटी वाचली असती का? मला माहीत नाही, थोरलीलाही माहीत नाही, आणि तिच्यासारख्या बाईला हे न कळणं फार जड जातं. मी असते तर मी दिव्यावर बसले असते, एवढंच मी शपथेवर सांगू शकते.

तर मित्रांनो, माझी विनंती ऐका. नेलेली वस्तू परत करा. हे तुम्हाला शाळेत सांगतात, ते पुन्हा सांगत नाही. पण कोणासाठी तरी मान मोडून काम करत असाल आणि तेच माणूस दारात येऊन उभं राहिलं, तर काम खाली ठेवा आणि त्याच्याकडे बघा. आणि दारात उभे असलेले तुम्हीच असाल, तर एका 'हं'वर परत फिरू नका. पुन्हा सांगा. ऐकलं नाही तर ओरडून सांगा. समोरच्याचं काम कितीही मोठं असू दे, अगदी तुमच्यासाठीच चाललेलं असू दे. झाकण तुमचं आहे, मागून घ्या.