चव्हाट्यावरचे तारमास्तर

१९९६ साली सात महिने मी एका माणसाशी रोज भांडलो. त्याचा चेहरा मी पाहिलेला नव्हता, आवाज ऐकलेला नव्हता. जेवणाच्या सुट्टीत वागळे इस्टेटमधल्या आमच्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर बसायचं, डोंबिवलीचा एक नंबर लावायचा आणि त्या माणसानं आदल्या दिवसापासून माझ्याबद्दल काय काय लिहून ठेवलंय ते वाचून डोकं तापवून घ्यायचं, असा माझा नेमच झालेला.

तो नंबर शकूताईचा. शकुंतला केणे. डोंबिवली पश्चिमेला त्यांच्या शेतावर बिल्डिंग उठली, तेव्हा तिच्या वडिलांनी, काळुराम केण्यांनी, तळमजल्याचे दोन गाळे स्वतःकडे ठेवलेले. त्यातल्या एकात तिचा कॉम्प्युटर क्लास. सकाळी सहा ते नऊ आणि दुपारी एक ते चार, म्हणजे क्लास बंद असताना, ती तिथल्या फोनला एक जुना कॉम्प्युटर जोडून ठेवायची. आपण मॉडेमवरून तो नंबर लावला की पडद्यावर पाटी यायची : चव्हाटा. आत जायचं, लोकांनी लिहिलेलं वाचायचं, आपलं लिहायचं आणि बाहेर पडायचं. इंटरनेट आमच्यापर्यंत अजून पोचायचं होतं. लाइन एकच, म्हणून एका वेळी एकच माणूस आत, आणि प्रत्येकाला दिवसाला वीस मिनिटं. ठाण्यापासून टिटवाळ्यापर्यंतचे मिळून आम्ही चाळीसेक जण होतो. लिहायचो मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत, कारण दुसरी सोय नव्हती.

मी तिथं 'खेकडा' म्हणून लिहायचो. खरं नाव देवराम नाखवा, राहणार चेंदणी कोळीवाडा, ठाणे. आणि माझा तो दुश्मन म्हणजे 'तारमास्तर'.

तारमास्तर रोज सकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी यायचे. जगातल्या प्रत्येक गोष्टीवर त्यांना बोलायचं असायचं, आणि तेही मुद्द्यांना नंबर घालून. पहिली गोष्ट. दुसरी गोष्ट. तिसरी गोष्ट. कुणी नळाला पाणी नाही म्हणून रडगाणं लिहिलं, तर हे त्याच्या शुद्धलेखनाच्या सहा चुका काढायचे. इंग्रजी अक्षरांतल्या मराठीचं शुद्धलेखन! 'आहे' लिहिताना सुरुवातीला 'ए' एकदा का दोनदा, यावर त्यांनी आठवडाभर सगळ्यांना झोडपून काढलेलं. लोक वैतागायचे. पण मास्तर काय म्हणाले, हेच आधी उघडून बघायचे.

आमचं बिनसलं ते निवटीवरून. खाडीच्या चिखलात टुणटुण उड्या मारते ती निवटी. मी सहज लिहिलेलं की लहानपणी ओहोटी लागली की बाबांबरोबर निवट्या पकडायला जायचो, आता त्या चिखलात हात घातला तर नुसतं काळं तेल लागतं. त्यावर मास्तरांचं उत्तर आलं : 'पहिली गोष्ट. निवटी हा मासा नव्हे. तो बेडकाच्या कुळातला प्राणी होय.'

ज्याच्या सात पिढ्यांनी निवट्या खाल्ल्या, त्याला हे सांगणार! मी सोडतो होय? तिथून जे सुरू झालं ते सात महिने. निवटीवरून खाडीवर गेलो, खाडीवरून मिठागरांवर, मिठागरांवरून बिल्डिंगांवर. शकूताईनं दोनदा तंबी दिली, 'हा चव्हाटा आहे, आखाडा नाही.' दोघांनीही तिचं ऐकल्यासारखं केलं.

सप्टेंबर संपता संपता मास्तरांनी लिहिलं, 'कोळ्यांच्या मुलांनी जाळे सोडून कीबोर्ड धरला हे उत्तम झाले. बाजारातली भाषा मात्र बरोबर घेऊन आले.'

माझी आई, मनुबाई, त्या बाजारात तीस वर्षं मासळीची पाटी घेऊन बसलेली आहे. त्या भाषेनं ती गिऱ्हाइकांशी झगडली म्हणून मी कॉम्प्युटर शिकलो. वाचल्या वाचल्या माझ्या कानशिलात आग झाली. मी विचार केला नाही, पुन्हा वाचलंही नाही. टाइप केलं, 'मास्तर, तुमच्या घरात तुमचं ऐकून घेणारं कोणी उरलंय का? असतं तर रोज सकाळी उठून आमच्या डोक्यावर बसला नसतात.'

दुसऱ्या दिवशी त्यांचं उत्तर होतं. एकच ओळ, नंबर न घातलेली.

'बरोबर. कोणी उरलेले नाही. पूर्णविराम.'

खोटं कशाला बोलू, मला वाटलं आपण जिंकलो. त्या दिवशी मी डबा चाटूनपुसून खाल्ला.

पुढच्या दिवशी मास्तर आले नाहीत. त्याच्या पुढच्या दिवशीही नाहीत. शुक्रवारी दुपारी कंपनीत मला फोन आला.

"देवराम, शकू बोलतेय. तू मास्तरांना काय लिहिलंस ते तुला कळतंय का?"

"त्यानंच सुरू केलेलं ताई. माझ्या आईवर गेला तो."

"तो नाही, ते. साठीचा माणूस आहे. चुकलं त्यांचं, मी पण त्यांना बोलणारच होते. पण त्यांची बायको फेब्रुवारीत गेली रे. मेंबर झाले तेव्हा फॉर्मबरोबर चिठ्ठी जोडलेली. घरात बोलायला कोणी राहिलं नाही म्हणून मॉडेम घेतलाय, असं लिहिलेलं त्यात."

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"तीन दिवस आले नाहीत," ती म्हणाली. "हा माणूस तापात पण चुकत नाही. मी त्यांच्या घरी फोन लावतेय, रिंग जाते आणि कोणी उचलत नाही. सकाळ, दुपार, कधीच नाही. उद्या मी टिटवाळ्याला चाललेय. फॉर्मवर पत्ता आहे."

"मी पण येतो."

"यायलाच पाहिजेस," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

शनिवारी मी रजा टाकली. कल्याणला भेटलो आणि पुढची गाडी धरली. गाडीत ती एकदाच बोलली. "काही झालं असेल ना, तर चव्हाटा मी आजच बंद करणार. गावात बाबा सगळ्यांना कौतुकानं सांगत फिरतात, पोरीनं माणसं जोडली म्हणून." मग ती खिडकीबाहेर बघत बसली. मी मनातल्या मनात ती ओळ खोडत होतो. पण लिहिलेलं पडद्यावरून खोडता येतं, वाचलेलं नाही.

टिटवाळ्याला स्टेशनपासून पंधरा-वीस मिनिटं चाललो. जिकडे तिकडे नव्या बिल्डिंगांचे नुसतेच खांब, विटांचे ढीग, खणलेले रस्ते. मास्तरांचं घर बैठ्या चाळीतलं शेवटचं. दाराला कुलूप. शेजारच्या ओट्यावर एक बाई भांडी घासत होत्या. शेवंतीबाई त्यांचं नाव, मास्तरांना दुपारचा डबा त्याच द्यायच्या.

"मास्तर होय? ते पहाटेच गेले," त्या म्हणाल्या. "चार दिवस झाले, कोणाशी धड बोलत नाहीत. काल डबा तसाच परत आला. आज पिशवीत काय काय भरलं आणि निघाले. मी विचारलं, कुठं? तर म्हणाले, आज काय ते संपवूनच येतो."

शकूताईनं माझ्याकडे बघितलं. "रोज कुठं जातात ते?"

"सकाळी नदीवर जातात फिरायला."

आम्ही नदीकडे अक्षरशः पळालो. पावसाळा नुकताच सरलेला, काळू नदी भरून वाहत होती. काठावर चिटपाखरू नव्हतं. आणि पाण्याला लागून, एका दगडावर, चामडी चपलांचा एक जोड काढून ठेवलेला.

शकूताई मटकन खाली बसली. मी बुटासकट पाण्यात शिरलो. कोळ्याचा पोर मी, पाण्याला कधी घाबरलो नाही, पण त्या दिवशी गुडघाभर पाण्याच्या पुढे जाववेना. "मास्तर! ओ मास्तर!" मी ओरडत होतो. त्यांचं खरं नाव घ्यायचंही मला सुचलं नाही.

"काय झालं हो?" मागच्या झुडपांतून एक धिप्पाड माणूस आला, हातात टमरेल. "चपला माझ्या आहेत. कोण बुडालं का?"

मी बाहेर आलो. हसू येत नव्हतं आणि रडूही येत नव्हतं. शकूताई म्हणाली, "चल, पोलीस चौकीत जाऊ."

चौकीकडे जायला आम्ही वरचा रस्ता धरला. एका बांधकामाच्या कुंपणापाशी आलो आणि पलीकडून आवाज आला. चिरका, चढलेला, एकेका शब्दावर हातोडी मारल्यासारखा.

"पहिली गोष्ट. ही जोडी त्या जोडीला जोडायची नसते! दुसरी गोष्ट. मी या खात्यात तारमास्तर म्हणून चौतीस वर्षे काढली आहेत. तिसरी गोष्ट..."

मी जागच्या जागी थांबलो. तो आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो आणि मला तो पुरता ओळखीचा होता.

कुंपणाच्या आत लांबच लांब चर खणलेला. चरात एक बुटका, वाळका म्हातारा उभा, पँट पोटरीपर्यंत दुमडलेली, एका हातात पक्कड, दुसऱ्या हातात रंगीबेरंगी वायरींचा झुबका. काठावर टेलिफोनचा लाइनमन डोक्याला हात लावून बसलेला. आम्हाला बघून तो म्हणाला, "तुमचे आहेत का हे आजोबा? घेऊन जा ना बाबा. मंगळवारी पाया खणताना या बिल्डिंगवाल्यांनी केबल तोडली, तीस फोन बंद पडले. बाकीचे एकोणतीस जण घरी बसलेत. हे रोज ऑफिसात येऊन बसतात, आणि आज स्वतःची हत्यारं घेऊन इथं!"

 मी मातीच्या ढिगावर बसून घेतलं. लाइन मेलेली. रिंग आम्हाला ऐकू येत होती, त्यांच्या घरात वाजतच नव्हती.

"त्र्यंबक ओगले?" शकूताईनं विचारलं.

"मीच. आपण?"

"मी शकू. चव्हाटा."

म्हाताऱ्यानं पक्कड खाली ठेवली, चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. "आपण इथे? आणि हे कोण?"

मी उभा राहिलो. "खेकडा," म्हटलं.

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "ओले कसे झालात?"

"तुम्हाला शोधायला नदीत गेलेलो."

"नदीत? मी नदीत कशाला जाईन? मला पोहता येत नाही."

मग एकदम त्यांच्या लक्षात आलं. चेहरा बदलला. ते चरातून वर यायला लागले, मी हात दिला, त्यांनी तो धरला. हात हलका होता, आणि चांगलाच गरम.

"मास्तर, मला तुमच्या बाईंचं माहीत नव्हतं," मी म्हणालो. "माहीत नसलं तरी तसं लिहायला नको होतं. चुकलो मी."

"लागलं मला," ते म्हणाले. "खोटं नाही सांगत. ती एक ओळ लिहिली आणि मग दिवसभर बसून राहिलो. संध्याकाळी उत्तर लिहायला घेतलं, सकाळी पाठवायला गेलो, तर लाइन बंद. तेव्हापासून लिहितोच आहे. चौदा उत्तरं तयार आहेत."

"चौदा?" शकूताई म्हणाली.

"क्रमांक चारमध्ये मी तुमची माफी मागितली आहे. तुमच्या भाषेबद्दल लिहिलं ते अभद्र होतं. पाचमध्ये ती माफी मागे घेतली. सहामध्ये पुन्हा मागितली, ती कायम आहे." ते जरा थांबले. "निवटीचा विषय नऊमध्ये आहे. पंधरा दिवसांपूर्वी कल्याणच्या वाचनालयात पुस्तक पाहून आलो. मासाच आहे. पण दहा वाचल्याशिवाय आनंद मानू नका."

मी हसायला लागलो. थांबताच येईना. शकूताई हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. मास्तर कोरड्या चेहऱ्यानं आमच्याकडे बघत होते. मग त्यांच्याही ओठांचा एक कोपरा हलला.

"आता जाता का घरी?" लाइनमन म्हणाला. "पाच वाजेपर्यंत लाइन सुरू करतो, आईची शपथ."

मास्तरांनी आम्हाला घरी नेलं. चहा स्वतः केला, साखर जास्त पडली. भिंतीवर बाईंचा फोटो होता. मी त्यापुढे हात जोडले. मास्तर म्हणाले, "ती माझं काही ऐकत नसे. चाळीस वर्षे भांडली माझ्याशी." चौदातलं एकही उत्तर त्यांनी वाचू दिलं नाही. सोमवारी क्रमानं येतील, म्हणाले. शकूताईनं त्यांना त्या दिवसापुरता पाऊण तास मंजूर केला. निघताना ती त्यांच्या पाया पडली, आणि मीही पडलो. मला ते म्हणाले, "आईला माझा नमस्कार सांग. आणि 'आहे'ला 'ए' दोनदा." 'तुम्ही'वरून 'तू'वर आलेले, ते त्यांच्याही लक्षात आलं नसावं.

स्टेशनवर शकूताईनं बूथवरून घरी फोन लावला. "बाबा, माणूस सापडला. हो, जिवंत. नाय नाय, आजारी बिजारी काय नाय, लाइनमनशी भांडत होते." पलीकडून काळुरामकाकांचं हसणं मला बाहेर ऐकू आलं.

परतीच्या गाडीत बसायला छान जागा मिळाली. ओले बूट मी काढून बाकाखाली ठेवले. तीन दिवस धड झोप नव्हती तिला, मलाही कालची नव्हती. कल्याण गेलेलं आठवतंय, पुढचं नाही. डोळे उघडले तर पुढच्या फलाटाचे दिवे दिसत होते आणि शकूताई खिडकीला डोकं टेकून गाढ झोपलेली.

"ताई! उठ, ठाणं आलं. डोंबिवली गेली तुझी!"

तिनं डोळे चोळले, बाहेर बघितलं, आणि घाईबिई काही केली नाही.

"जाऊ दे रे," ती म्हणाली. "आईनं काय केलंय आज जेवायला? चल, तुमच्याकडेच जेवते."