रविवारचे चार तास

तिने कामाच्या तासांचा तक्ता काचेखालच्या फटीतून आत सरकवला, पण बोटं काही उचलली नाहीत. अजून तो परत ओढता आला असता.

"हे काय?" खिडकीपलीकडच्या बाईंनी विचारलं. परदेशी विद्यार्थ्यांचे परवाने त्यांच्याच हातात असत.

"माझी चूक. आठवड्याला वीस तासांच्या वर काम करायचं नाही ना? मी चोवीस तास केलं."

आपल्या खोलीत बसून ती तिसऱ्याच देशातल्या एका वॉशिंग मशीनच्या कंपनीसाठी ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरं लिहायची. तास मात्र डोळ्यांत तेल घालून मोजायची. पण कंपनीचा आठवडा रविवारी सुरू व्हायचा आणि इथल्या नियमाचा सोमवारी. एका रविवारचे चार तास तिने बिनघोर पुढच्या आठवड्यात धरले होते. इथे ते मागच्यात पडत होते. काल नियम पुन्हा वाचताना हे लक्षात आलं. परवाना गेला तर प्रबंध अर्धवट टाकून घरी जावं लागणार, आणि घरी आईने तर अख्ख्या सोसायटीला पोरगी पदवी घेऊनच येणार म्हणून सांगून ठेवलेलं.

"कोणी विचारलं होतं तुम्हाला?"

"नाही."

"मग आलात कशाला?"

"राहवेना."

बाईंनी तारीख पाहिली. मग भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटलं आणि शेजारच्या सहकाऱ्याला हळूच काहीतरी दाखवलं. तो हसला. ते हसणं तिला अजिबात आवडलं नाही.

"अहो, हा तर सुट्टीचा आठवडा. सुट्टीत मर्यादा नसते. चाळीस तास केलं असतं तरी चाललं असतं."

"सुट्टी होती?"

"सबंध विद्यापीठाला. तुम्हाला कळलंच नाही?"

प्रबंधाचं वर्ष, त्यामुळे तिला वर्ग नव्हतेच. कँटीनला कुलूप दिसलं तेव्हा आत रंगकाम चाललं असेल असं समजून ती आठवडाभर ब्रेडवर राहिली होती. तिचा जीव भांड्यात पडला. बाहेर येऊन ती पायरीवर मटकन बसली, एकटीच खुदकन हसली आणि तिने घरी फोन लावला.

"या वेळेला? बरी आहेस ना?" आईचा आवाज चढलाच.

"बरी आहे गं. गेल्या महिन्यात मला आठवडाभर सुट्टी होती. आत्ता कळलं."

"म्हणजे मी चारदा फोन केला आणि तू 'कामात आहे, ठेव' म्हणालीस, तेव्हा?"

"तेव्हाच."

 पलीकडे गॅस बंद केल्याचा आवाज आला, आणि खुर्ची ओढल्याचा.

"बरं," आई म्हणाली, "बोल आता."