खाजा शे

त्या वर्षी जळगावच्या फुटबॉल स्पर्धेत एकतर्फी सामने नकोत म्हणून समितीने चांगले खेळाडू एकत्र केले आणि त्यांची नावं क्लबच्या फळ्यावर अकारविल्हे लिहिली. कर्णधारांनी रोज आळीपाळीने एकेक नाव घ्यायचं. जळगावचा मोतीलाल फळ्यासमोरच बसलेला असायचा. धुळ्याचा हाशम देवपुरातून फोन करायचा. पिंपळनेरच्या वनाचा निरोप मात्र एसटीच्या कंडक्टरच्या तोंडी धुळ्याला यायचा आणि तिथून दुसऱ्या कंडक्टरच्या तोंडी जळगावला. शेवटच्या गाडीने निरोप आला नाही, तर फळ्यावरचं पहिलं शिल्लक नाव त्या संघाला, असा नियम होता. तो चिटणीस कौतिक पाटलांनी केला होता. त्यात कुणाची मर्जी चालत नव्हती, म्हणून त्यांना तो पसंत होता.

खाजा क्लबसमोरच्या दुकानात शिवणकाम करायचा. तो गोलकीपर होता, पण आदल्या दोन्ही स्पर्धांत राखीव बाकावर बसलेला. "यंदा गोलात उभं राहायला मिळालं तर राहीन," त्याने आईला, मदिनाला, सांगून ठेवलं होतं. "नाहीतर सुरतेला मामूकडे."

वनाच्या पाळीच्या संध्याकाळी कंडक्टरने गाडीच्या दारातून हाक दिली, "पिंपळनेरचा निरोप, कौतिकभाऊ! खाजा शे!"

'खाजा आहे', म्हणजे वनाने खाजाला घेतलं, असं धरून कौतिकरावांनी पिंपळनेरच्या रकान्यात नाव लिहिलं. समोरचं शिलाई मशीन थांबलं. खाजा फळ्यापर्यंत आला, स्वतःचं नाव वाचून परत गेला.

सकाळी मोतीलाल फळ्यापाशी चरफडला. "वनाकडे झुलाल आहे की गोलात. याला कशाला घेतलं? आज मीच घेणार होतो खाजाला!" त्याच्या संघाला गोलकीपरच नव्हता. नाइलाजाने त्याने भुसावळचा पोरगा गोलकीपर म्हणून घेतला आणि त्याला तसं फोनवर कळवलं.

दुपारी वना स्वतःच आला. धुळीने माखलेला.

"मी इचारं व्हतं, कौतिकभाऊ! खाजा शे का अजून? शे, तर राखीव म्हणून शेवटला घेसू. आत्ते तो फळ्यावरना पुना पायजे व्हता, पुढे खेळाले; त्याना निरोप मांगनी गाडीमा व्हता, ती उशिरा उनी. माले दुसरा गोलकीपर काय करना शे? लोणचं घालू?"

कंडक्टर बदलला तेव्हा 'का अजून' धुळ्यालाच राहिलं होतं.

"प्रश्न म्हणजे निवड नव्हे, मान्य," कौतिकराव म्हणाले. "म्हणजे निरोप आला नाही असं धरू. मग फळ्यावरचं पहिलं शिल्लक नाव. तेही खाजाच."

"बठ्ठा नियम तुमनाच. मोतीलाल फळ्याजोडे बसस, त्याले कधी लागस का हाऊ नियम? आमनी गाडी उशिरा येस, आमलेच लागस."

"मग कसा हवा नियम?" कौतिकरावांनी विचारलं.

"संघमा ज्या जागेवर माणूस नही, त्या जागेवर खेळनारा फळ्यावरना पहिला द्या," वना म्हणाला. "इतलंच."

"रास्त आहे. उद्यापासून तसं करू."

"आन आजनं काय?"

कौतिकराव मोतीलालकडे वळले. "तू खाजाला घेतोस? भुसावळवाल्याला सोडून?"

"त्याने रजा टाकली, भाऊ. आता कोणत्या तोंडाने सांगू?"

तोवर खाजा दारात येऊन उभा राहिला होता. गळ्यात मोजपट्टी तशीच.

"साहेब, मी संघात आहे ना?"

"आहेस."

"गोलात?"

कौतिकरावांनी वनाकडे पाहिलं.

"तुनावर राग नही, भाऊ," वना खाजाला म्हणाला. "पन झुलाल मना गावना शे. त्याले कसा बसाडू?"

खाजाने मान हलवली आणि तो दुकानात गेला. मशीन पुन्हा सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी फळ्याच्या वर नवा नियम लागला: रिकामी जागा आधी, विचारणा म्हणजे निवड नव्हे. हाशमने फोनवर कौतिकरावांचं अभिनंदन केलं. पुना तोवर त्याच्याच संघात गेला होता.

पिंपळनेरच्या पहिल्या सामन्याआधी पंच नावं पुकारत होते. यादीत कौतिकरावांचंच अक्षर होतं.

"खाजा," पंच म्हणाले. कुणी ओ दिली नाही. त्यांनी मान वर केली. "खाजा शे का?"

"नही," वना म्हणाला. "काल सुरतना गाडीमा बसना."

पंचांनी नावावर रेघ मारली आणि शिट्टी तोंडात धरली.