वीर कुणाचा?

माझ्या नवऱ्याचं नाव मोतीराम. बाईनं नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण घेतलं नाही तर तुम्हाला कळणार कसं? सन चौतीसच्या धुळवडीला त्याचा वीर काढायचं माझ्या सासूनं, गोजराबाईनं, ठरवलं आणि माझं डोकंच फिरलं.

नाशकात धुळवडीच्या संध्याकाळी वीर निघतात. घरातलं कुणी अवेळी गेलं असेल तर त्याच्या नावाचा चांदीचा टाक, म्हणजे मूर्ती ठसवलेला छोटा पत्रा, करायचा, लाल फडक्यात बांधून वाजतगाजत रामकुंडावर न्यायचा, आंघोळ घालायची. पण मोतीराम गेलाय हे सांगितलं कुणी? गेल्या पावसाळ्यात पुरात वाहून चाललेल्या म्हशीमागे त्यानं गोदावरीत उडी टाकली, एवढंच. लोक निफाडपर्यंत काठ धुंडून आले, प्रेत काही मिळालं नाही. मिळालं नाही म्हणजे माणूस जिवंत, हे माझं म्हणणं. ते मी कुणाचीही भीडभाड न ठेवता ऐकवायची.

"तो भटकतोय गं," सासू रडायची. "एकदा वीर काढू, त्याला जागा मिळंल. मग तू कुंकू पूस."

आमच्या भावकीत नव्या वीराचा टाक सख्ख्या भावानं धरायचा. कुंडावर वीर त्याच्या अंगात येतो, बोलतो. आला नाही तर माणूस जिवंत धरायचा आणि टाक मोडून टाकायचा. म्हणून मी धाकट्या दिराला, खंडेरावला, झेंडूच्या वाफ्यात गाठलं.

"भाऊजी, तोंडातून अक्षर काढू नका. माझं कुंकू तुमच्या हातात हाय."

खंडेराव भोळा सांब. "नाय बोलत वहिनी," म्हणाला. "मला तरी कुठं दादा मेलेला पाहिजे?"

संध्याकाळी सराफ बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. ऊन उतरलं तरी भिंती तापलेल्याच होत्या. हलग्या कडाडत होत्या, डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेली माणसं मधून चालत होती, दारादारांत बायका वीरांना ओवाळत होत्या. जो तो आपापला मेलेला माणूस हातात धरून हसत-नाचत निघालेला. मला मात्र ते हसणं सोसेना. माझ्या मागे कुणीतरी पावलाला पाऊल लावून येत होतं. वळून पाहिलं की रंगानं भिजलेली अनोळखी तोंडं दिसत. पण त्या सगळ्या रंगागुलालात मला नदीच्या गाळाचा वास येत होता. मी भ्याले, खोटं कशाला सांगू?

रामकुंडात खंडेराव गुडघाभर पाण्यात उतरला. त्यानं टाक बुडवला.

"बोल बाबा, कोण आलंय?" सासूनं विचारलं.

खंडेराव गप्प. तिनं पुन्हा विचारलं, तरी गप्प. जिंकलं, मी मनात म्हटलं.

तेवढ्यात त्याचे दात वाजायला लागले. एवढ्या उकाड्यात तो थंडीनं कुडकुडत होता. त्यानं मान वळवली, सासूकडे नाही, माझ्याकडे. आवाज त्याचा नव्हता.

"लवंगे, इथं लय गार हाय. वाट नको बघू."

जिभेची तिखट म्हणून मोतीराम मला लवंगी म्हणायचा. मळ्यात दोघंच असताना तेवढं. घरात कुणासमोर त्यानं ते नाव कधी उच्चारलं नव्हतं, मीही कुणाला सांगितलं नव्हतं.

सासू बावरली. "लवंगी? ही कोण बाई? आमच्यात कुणी लवंगी नाय."

भावकीतला म्हातारा भिका पुढे झाला. "गोजरे, हा दुसऱ्याच घरचा वीर हाय. गर्दीत वाट चुकला. तुझा मोती काय आला नाय."

सासूनं टाक पायरीवर आपटून वाकडा केला. "माझा मोती जिवंत हाय!" ती ओरडली. हसत होती, रडत होती, दिसेल त्याला मिठी मारत होती. पूर आल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

खंडेराव धोतर पिळत वर आला. माझ्याजवळ वाकून हळूच म्हणाला, "वहिनी, शब्द पाळला बघा. अक्षर काढलं नाय."

त्याला खरंच काही आठवत नव्हतं. मला वाटलं, किंचाळून सगळं सांगावं. तोवर सासू ओवाळणीचं ताट घेऊन समोर उभी राहिली.

"पोरी, तूच खरी निघालीस," ती म्हणाली आणि अंगठ्यानं माझ्या कपाळावर हे एवढं ठसठशीत कुंकू लावलं.

मी मोतीरामची विधवा, वाकून तिच्या पाया पडले.